माळ्यावरची स्लाइड बघायची डबी

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी बोललो. ह्या खेपेला त्याच माळ्यावरच्या एका हलक्याफुलक्या वस्तूविषयी बोलायचं आहे. भांडी निदान मोजून, मापून, घासाघीस करून जातात. ही वस्तू मात्र रद्दीच्या गठ्ठ्याबरोबर फुकटच जाते आणि गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

तळहातावर मावेल एवढी डबी. एका बाजूला भिंग, दुसऱ्या बाजूला दुधी प्लॅस्टिक, आणि मध्ये किंवा वर एक बारीकशी फट. मुलं तिला खेळण्यातला कॅमेरा समजतात, म्हातारी माणसं बायोस्कोप म्हणतात आणि कबाडी काहीच म्हणत नाही, सरळ तराजूत टाकतो. तिचं खरं नाव स्लाइड व्ह्यूअर. स्लाइड म्हणजे कागदावर न छापलेला, फिल्मवरच उमटलेला रंगीत फोटो. निगेटिव्हमध्ये माणसांचे चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात. स्लाइडमध्ये सगळं जसंच्या तसं दिसतं, फक्त पोस्टाच्या तिकिटाएवढं. म्हणून ते बघायला मागून उजेड आणि पुढून भिंग लागतं. ते काम ही डबी करते.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठून आल्या स्लाइड्स? आमच्या हुडकेश्वरचंच सांगते. इथली कितीतरी घरं महाल, इतवारीतले जुने वाडे सोडून इथे प्लॉट घेऊन आलेली. येताना टेम्पोत ट्रंका आल्या, त्या तशाच माळ्यावर चढल्या आणि पुढच्या पिढीने कुलूपसुद्धा काढून बघितलं नाही. त्या ट्रंकांत स्लाइड्स असण्याची कारणं साधारण तीन. एक, घरात कुणी संशोधन-संस्थेत, कॉलेजात किंवा दवाखान्यात असेल, तर व्याख्यानाला स्लाइड्स दाखवायची पद्धत होती. नागपुरात अशा संस्था काय कमी आहेत? दोन, घरातल्या कुणाला फोटोंचा नाद असेल. आणि तीन, घरातलं कुणी अमेरिकेला गेलं असेल. 1965 साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांसाठीचा कायदा बदलला, त्यानंतर आपल्याकडचे इंजिनिअर, डॉक्टर पुष्कळ गेले. तिकडे रंगीत फोटो काढायचे म्हणजे स्लाइड्स काढायच्या, हे घरोघर चालत असे. मायदेशी प्रोजेक्टर कुठला असणार? मग पाकिटात स्लाइड्स आणि सोबत बघायची डबी.

आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे अशा दोनशेच्या वर स्लाइड्स आहेत. त्यांचे धाकटे दीर अमेरिकेला गेलेले. ते 1974 मध्ये सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी महालातल्या वाड्यात सगळ्यांचे फोटो काढले आणि परत गेल्यावर तिकडून धुऊन पाठवले. त्यांत आजींची मधली मुलगी आहे. ती पुढे दोन वर्षांनी काविळीने गेली. तिचा रंगीत फोटो एवढा एकच, आणि तो ह्या ढिगात कुठेतरी. घर बदलताना डबी हरवली. सुनेला वाटायचं त्या निगेटिव्ह आहेत, आणि नातवाला वाटायचं त्या धुऊन घ्यायच्या राहिल्या आहेत. आजी मात्र वर्षाकाठी एकदा तरी म्हणत, "ती डबी मिळाली असती तर बघितलं असतं."

आता डबी ओळखायची कशी ते सांगते, कारण सगळ्या डब्यांत सगळ्या स्लाइड्स जात नाहीत. बाजारात फसगत होते ती इथेच.

पहिल्यांदा आपल्याकडे काय आहे ते फूटपट्टीने मोजा. नेहमीची स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकोनी चौकट, पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने दोन इंच. आतलं चित्र 24 बाय 36 मिलिमीटर. शंभरातल्या बहुतेक अशाच निघतील. चौकट तेवढीच पण आतलं चित्र अगदी चौरस असेल, तर ती 1963 साली निघालेल्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याची. तीही नेहमीच्याच डबीत बसते. चौकट सात सेंटिमीटरची असेल तर मात्र ती मोठ्या फिल्मवरची, तिला मोठीच डबी लागते. आणि हाताला जड, सव्वातीन इंची काच लागली तर ती डबीत घालायची वस्तूच नव्हे. ती जादूच्या कंदिलाची काच. आपल्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात अशाच रंगवलेल्या काचांवर पुराणातल्या गोष्टी पडद्यावर दाखवल्या होत्या. खेळाचं नाव 'शांबरिक खरोलिका'. नाव भारदस्त, अर्थ जादूचा दिवा. तशी काच घरात सापडली तर कृपा करून कुणाला विकण्याआधी एखाद्या संग्रहालयात दाखवा.

आता डब्या. सगळ्यांच्या ओळखीचा तो व्ह्यू-मास्टर. दोन डोळ्यांना दोन भिंगं, उजवीकडे खाली दाबायची दांडी, आणि आत पांढरी गोल तबकडी. हा निघाला 1939 साली, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. काढणारा विल्यम ग्रुबर हा पियानोचे सूर लावून देणारा माणूस, बरं का. तबकडीत चौदा चित्रं दिसतात, पण ती जोडीजोडीने म्हणजे सातच देखावे. डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला किंचित निराळं, म्हणून चित्राला खोली येते. बाजारात 'स्लाइड बघायचं यंत्र' मागितलंत तर दहांतले आठ दुकानदार हाच पुढे करतील. घरातल्या चौकोनी स्लाइड्स ह्यात जात नाहीत. घेऊ नका. पण घरात त्या गोल तबकड्या असतील तर खुशाल घ्या, कारण पहिल्यापासून तबकडीचं माप एकच राहिलं आहे. जुनी तबकडी नव्यात चालते आणि नवी जुन्यात. अंगावर सॉयर्स लिहिलं असेल तर तो 1966 च्या आधीचा, जीएएफ लिहिलं असेल तर त्यानंतरचा. काळा, जड, हाताला दगडासारखा लागणारा असेल तर तो बेकेलाइटचा. खात्री करायची तर अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. कार्बोलिक साबणासारखा औषधी वास आला तर बेकेलाइट. हाताळताना जपा, ते पडलं तर वाकत नाही, फुटतं.

आपल्याला हवी ती दुसरी, एका भिंगाची. तिच्यातही दोन तऱ्हा. साध्या डबीला ना सेल ना बल्ब. स्लाइड फटीत सरकवायची, दुधी बाजू खिडकीकडे करायची आणि बघायचं. कोडॅकची कोडास्लाइड, आग्फाची आग्फास्कोप, सॉयर्सची पाना-व्ह्यू, हाँगकाँगची हालिना, ऑस्ट्रेलियातली हॅनिमेक्स, ह्या कंपन्यांची नावं अंगावर शोधा. दुसरी तऱ्हा सेलवर चालणारी. स्लाइड वरून दाबली की आतला टॉर्चचा बल्ब पेटतो आणि हात काढला की विझतो. मुलांना हीच आवडते. एकात एक स्लाइड ढकलत जायची, पाठोपाठ तीस-चाळीस स्लाइड्स बघता येतील अशीही डबी असते. पण तिची पट्टी अडकली तर पुठ्ठ्याच्या चौकटीचे कोपरे मोडतात. मला विचाराल तर पहिली साधीच डबी उत्तम. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

तळाशी काय लिहिलंय ते जरूर वाचा. 'पश्चिम जर्मनी' असेल तर ती 1949 ते 1990 मधली, कारण त्या नावाचा देशच तेवढी वर्षं होता. 'एम्पायर मेड' असेल तर बहुधा हाँगकाँगची, पन्नास-साठच्या दशकांतली. आणि विजेच्या वायरची डबी मिळाली तर पिन लावण्याआधी तिथे 110 व्होल्ट तर लिहिलेलं नाही ना ते बघा. अमेरिकेहून आलेली वस्तू आपल्या 230 व्होल्टवर लावली की क्षणात जळते. ट्रान्सफॉर्मर आणण्यापेक्षा अशी डबी न घेतलेलीच बरी. शिवाय तिच्या बल्बने स्लाइड तापते, फुगते.

जत्रेत, तीर्थक्षेत्री एक इवलासा कॅमेरा मिळायचा, आत देवळाची चित्रं आणि खटका दाबला की पुढचं चित्र. तो ह्यातला नव्हे. त्यातली चित्रं आतच पक्की बसवलेली असतात. ठेवायचा तर आठवण म्हणून ठेवा.

आता मिळवायची कुठे? आधी नात्यात विचारा. ज्यांच्याकडे स्लाइड्स होत्या त्यांच्याकडे डबी होतीच, आणि ज्यांच्या स्लाइड्स गेल्या त्यांच्याकडे नुसती डबी उरलेली असते. मग गावातले जुने फोटो स्टुडिओ. नव्या चकचकीत दुकानात जाऊ नका, तिथल्या मुलांना स्लाइड म्हणजे कॉम्प्युटरवरची वाटते. वडिलांच्या हातचा स्टुडिओ आता मुलगा चालवतो, असं दुकान गाठा आणि वडील दुपारी येऊन बसतात का ते विचारा. फोटोग्राफर मंडळी गिऱ्हाइकाला स्लाइड दाखवायला अशी डबी खणात ठेवायची. नंतर कबाडी. पण कबाड्याला नाव सांगून काही उपयोग नाही, पर्समध्ये एक बिनमहत्त्वाची स्लाइड घेऊन जा आणि ही ज्यात बसते ते दे, असं सांगा. मी तशी गेले तर तो म्हणाला, "ताई, कायले पाह्यजे हे तुमाले? आता तर मोबाइल हाये नं." तरी त्याने पोतं ओतलं हो! त्यात नव्हती, पण पुढच्या आठवड्यात आठवणीने हाक मारून एक दाखवली. ती व्ह्यू-मास्टर निघाली.

मुंबईला जाणं झालं तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट बघा. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, तो दिवस टाळा. पुण्याचा जुना बाजारही ह्यासाठी नावाजलेला. हल्ली मुलांकरवी इंटरनेटवरूनही मागवता येते. तिथे फोटो बघून भुलू नका. भिंगातून उजेडाकडे बघताना काढलेला फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. किमतीचं म्हणाल, तर विकणारा 'अँटिक, अँटिक' म्हणेल. एका भिंगाची प्लॅस्टिकची डबी अँटिक वगैरे काही नसते. चांगल्या खेळण्याला जेवढे द्याल त्याच्यावर जाऊ नका. बेकेलाइटची गोष्ट वेगळी.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. भिंग डोळ्याला लावून आकाशाकडे बघा, सूर्याकडे मात्र चुकूनही नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती सहसा जात नाही. दुधी प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर सगळी माणसं काविळीची दिसतील. आणि सेलचा कप्पा उघडाच. विकणारा "चालू आहे" म्हणाला तरी उघडा. आत सेल फुटून राहिले असतील तर पत्र्याच्या पट्ट्या खाल्लेल्या असतात. थोडंफार साचलेलं असेल तर ते घरी निघतं. जुन्या साध्या सेलमधून गळतं ते आंबट जातीचं, त्याला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. अल्कलाइन सेलमधली पांढरी भुकटी असेल तर उलट, तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. कापसाच्या काडीने लावा, हातात मोजे घाला, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. पट्टी काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा.

भिंगाला मात्र पदर लावू नका. आपली सवयच असते ती. पण पदरावर धूळ असते आणि प्लॅस्टिकच्या भिंगावर ओरखडे उठतात. आधी रबरी पिचकारीने हवा मारा, मग धुतलेल्या मऊ मलमलीच्या तुकड्याला साबणाच्या पाण्याचा एक थेंब. स्पिरिट, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं औषध, ह्यातलं काहीही नको. प्लॅस्टिक पांढुरकं पडेल. आणि खुद्द स्लाइडला तर पाणीही नको. कडेला धरायची आणि मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्.

आमच्या आजींसाठी डबी शेवटी मिळाली ती सक्करदऱ्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकाकांकडे. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त 'कुणासाठी' ते विचारलं. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मोबाइलवरचं लहान चित्र त्यांना धड दिसत नाही, पण डबी डोळ्याला लावली आणि तोंड खिडकीकडे केलं की सगळं दिसतं. दोन दुपारी गेल्या. कोणाची मुंज, कोणाचं डोहाळजेवण, वाड्याच्या मागची विहीर. तिसऱ्या दिवशी ती मुलगी सापडली. आजी बराच वेळ डबी खाली घेईनात. मग म्हणाल्या, "फ्रॉक पिवळा होता गं. मी इतकी वर्षं निळा निळाच म्हणत होते." सुनेने स्लाइड वेगळी काढून ठेवली.

ह्या रंगांचंही थोडं सांगते. कोडॅकची कोडाक्रोम फिल्म 1936 पासून 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांना मिळायला लागली. तिचे रंग अंधारात ठेवले तर दीर्घकाळ टिकतात. तिची अडचण उलटी. कडक उजेडात, प्रोजेक्टरवर वारंवार दाखवल्या तर मात्र त्या फिक्या होतात. म्हणजे डबीत घालून बघणंच तिला मानवतं. आपल्याकडे पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चालायचा, त्यामुळे तिथल्या ओर्वो फिल्मही येत असत. इतर बऱ्याच जुन्या फिल्म तांबूस, जांभळट होत जातात, आणि उष्णता ही त्यांची मोठी वैरीण. आता नागपूरचा मे महिना आणि स्लॅबखालचा माळा डोळ्यांपुढे आणा! म्हणून स्लाइड्स माळ्यावरून उतरवा, कपाटात खालच्या खणात ठेवा. पत्र्याच्या डब्यात औषधांच्या बाटल्यांतल्या त्या दाणेदार पुड्या टाकल्या की पावसाळ्यातली दमट हवा लागत नाही. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांचा वाफारा फिल्मला बाधतो.

कोडाक्रोम आता इतिहासजमा आहे. कंपनीने ती 2009 साली बंद केली आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा 2010 च्या डिसेंबरअखेर रोल घ्यायची थांबली. तिचा शेवटचा बनलेला रोल स्टीव्ह मॅककरी ह्या फोटोग्राफरला मिळाला होता. छत्तीस फोटोंतले काही त्याने हिंदुस्थानात काढले, त्यांत नंदिता दास, आमीर खान आहेत आणि राजस्थानातले रबारीही. बाकी स्लाइड-फिल्म अगदीच संपली असं नव्हे. कोडॅकची एक्टाक्रोम 2018 मध्ये पुन्हा निघाली. पण घरगुती हौसेसाठी ती आता महाग.

तुम्ही म्हणाल, मग सरळ स्कॅन करून टाकाव्यात की. जरूर कराव्यात. पण स्कॅनचे पैसे नगावर घेतात. दोनशे स्लाइड्समधल्या पन्नास तरी नुसत्या डोंगराच्या आणि धबधब्याच्या असतात, काही हललेल्या, काहींत कुणाचं तरी अर्धं डोकं. आधी डबीतून बघून निवडा, मग स्कॅनला द्या. आणि कोण कोणाचा ते सांगणारं माणूस शेजारी बसलेलं असताना निवडा. वही घ्या, चौकटीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने आकडा घाला, वहीत त्या आकड्यापुढे नावं लिहा. बॉलपेन नको, दाबलं की फिल्मला वळ पडतो. कोडॅकच्या बऱ्याच पुठ्ठ्याच्या चौकटींवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते फोटो धुतल्याचं असतं, काढल्याचं नव्हे, हे लक्षात ठेवा, नाहीतर बारशाच्या आधीच मूल पाटावर बसलंय म्हणून वाद होतील.

स्लाइड सुलटी घातली की उलटी, हे कसं ओळखायचं? पुस्तकात पुष्कळ खुणा सांगतात. आपल्याला एकच पुरे. पदर बघा. डाव्या खांद्यावर असेल तर सुलटी, सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर गेले असतील तर उलटी. शेजारच्या गुजराती काकूंच्या पदरावरून मात्र ठरवू नका. बायका नसतील तर दुकानाची पाटी वाचता येते का ते बघा.

डबी मिळेपर्यंत दम निघत नसेल तर मोबाइलवर पांढरं कोरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा, त्यावर बटर पेपरच्या दोन घड्या, वर स्लाइड आणि हातात सुपारीएवढं का होईना, एखादं भिंग. मजा डबीइतकी नाही, पण कोण आहे ते कळतं.

आणि सेलची डबी असेल तर बघून झालं की सेल काढून ठेवायचे, बरं का. पुढच्या खेपेला लोकरीच्या कपड्यांविषयी बोलू.